रीडिंग बरोबर, दिवा मंद

पॉलिटेक्निकमधल्या फिजिक्सच्या शिक्षकांना प्रात्यक्षिकाचं वेगळं प्रशिक्षण द्या म्हटलं की ठरलेलं उत्तर येतं: एमएस्सी झालेल्या माणसाला पुन्हा काय शिकवायचं? डिप्लोमाच्या पोरांना फिजिक्स लागतं कितीसं, आणि सिम्युलेशन तर मोबाइलवर फुकट आहे. सिम्युलेशनमधला स्क्रू कधी ढिला नसतो, एवढं सांगून तो मुद्दा सोडू. शिक्षक प्रशिक्षणाला गेले तर पोर्शन कोण संपवणार, असंही विचारतात. जणू आज तो कागदाबाहेर संपतो!

एमएस्सीचा मुद्दा मात्र नीट उलगडायला हवा. वायरीतला एखादा जॉइंट काळा पडून तिथे ५०० ओहम रोध तयार झालाय असं धरा. मल्टिमीटर लावला तर काटेकोर २३० व्होल्ट. १०० वॉटचा साधा बल्ब लावला तर तांबूस मिणमिणतो. पोरगं म्हणतं, ‘सर, सप्लाय तर आहे.’ मीटरचा स्वतःचा रोध साधारण १० मेगाओहम, त्यामुळे त्याला लागणारा करंट नगण्य आणि जॉइंटवर व्होल्टेज पडतच नाही. बल्ब करंट ओढतो, तेव्हा निम्म्याहून अधिक व्होल्टेज जॉइंटच गिळतो. यात शाळेतल्या ओहमच्या नियमापलीकडे काही नाही. तरी क्वांटम मेकॅनिक्स शिकलेले सर इथे अडखळतात, आणि दोष त्यांचा नाही. त्यांच्या प्रयोगशाळेत उपकरणं आधीच जोडून ठेवलेली असायची, उत्तर पुस्तकात छापलेलं असायचं, आणि ते आलं नाही तर रीडिंग ‘आणली’ जायची. जर्नलवर सही झाली की विज्ञान सिद्ध. बिघडलेलं सर्किट समोर ठेवून ‘हे असं का?’ असं त्यांना कुणी विचारलंच नाही. मग ते पोरांना कसं विचारणार? नुसती डिग्री पुरत नाही हे १९६० च्या दशकातच मान्य झालं होतं, म्हणून तर केंद्र सरकारने पॉलिटेक्निकच्या शिक्षकांसाठी देशाच्या चार भागांत चार संस्था काढल्या. डोक्याचं काम थोर की हाताचं, हा वाद आपल्याकडे त्याहूनही जुना. तो हिरिरीने घालणाऱ्यांच्या घरचा फ्यूज बदलायला बहुधा दुसराच कुणी यायचा.

मग प्रशिक्षणात करायचं काय? २३० व्होल्टशी खेळायची गरज नाही. १२ व्होल्टची बॅटरी, मोटरसायकलचा १० वॉटचा इंडिकेटर बल्ब आणि टेपच्या गुंडाळीत लपवलेला १५ ओहमचा, ५ वॉटचा रेझिस्टर पुरे. शिक्षकाने आधी अंदाज लिहायचा, मग बल्बशिवाय आणि बल्ब जोडून मोजायचं, आणि टेप सोडण्याआधी दोष कुठे ते सांगायचं. शेजारी वर्कशॉपचे सर बसवावेत. १५ अँपिअरला ०.१ ओहमचा ढिला टर्मिनल २२.५ वॉट तापतो, जवळजवळ २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्नइतका. वितळलेले प्लग वर्कशॉपच्या सरांनी ढिगाने पाहिलेत, गुणाकार फिजिक्सच्या सरांना येतो. दोघं एका टेबलावर मात्र क्वचितच बसतात.