उद्यानाच्या फाटकाबाहेरची मुले

आपल्याकडील अनेक सार्वजनिक उद्यानांना फिरते किंवा नागमोडी लोखंडी फाटक असते. गुरे आत शिरू नयेत आणि कोणी स्कूटर आत घालू नये, हा त्यामागील हेतू. हेतू रास्त आहे. परंतु ज्या फाटकातून गाय जाऊ शकत नाही, त्यातून चाकांची खुर्चीही जाऊ शकत नाही, हे ते बसविणाऱ्याच्या ध्यानी येत नाही. चालता न येणारे मूल मग आईच्या कडेवर बसून आत जाते. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला आईने किती दिवस कडेवर घ्यावे? हळूहळू घरची माणसे त्याला आणणेच सोडून देतात, आणि अशी मुले गावात नाहीतच असा इतरांचा समज होतो.

कायद्याची उणीव म्हणावी, तर तीही नाही. बालहक्कांच्या ज्या आंतरराष्ट्रीय करारात खेळ हा मुलाचा हक्क मानला आहे, तो भारताने १९९२ साली स्वीकारला. देशाच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक वास्तू सुगम करण्यासाठी नियम निघाल्यापासून पाच वर्षांची मुदत घातली. नियम जून २०१७ मध्ये निघाले, म्हणजे ती मुदत २०२२ मध्येच संपली. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की, सुगमतेचे नियम केवळ शिफारशीदाखल ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक हवेत. पणजीत २०२३ साली पर्पल महोत्सव सुरू झाला, त्याचे आम्हांस कौतुकच आहे. परंतु महोत्सवाचा मांडव उतरतो आणि फाटके होती तेथेच राहतात. 'अपंग' हा शब्द जाऊन 'दिव्यांग' आला, एवढाच काय तो बदल.

यासाठी फार मोठा खर्च लागतो, ही समजूतही तपासून पाहिली पाहिजे. एक फूट चढण्यास बारा फूट लांबीचा उतार, रेतीऐवजी चाक रुतणार नाही अशी घट्ट जमीन, पाठीला टेकू व पट्टा असलेला झोपाळा, जमिनीच्या सपाटीस बसविलेले चक्र, अंध मुलांसाठी स्पर्शाची व नादाची खेळणी, आणि गोंगाट न सोसणाऱ्या स्वमग्न मुलासाठी एखादा निवांत कोपरा. यात परदेशातून आणावे असे काय आहे? आपल्या पावसात चिऱ्यांच्या वाटेवर शेवाळ धरते, तेवढी निगा मात्र ठेवावी लागेल. बंगळूरमध्ये दिव्यांग मुलांच्या पालकांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या 'किलिकिली' संस्थेने महापालिकेच्याच उद्यानांत अशी व्यवस्था करून दाखविली आहे.

मात्र एका गोष्टीस आमचा स्पष्ट विरोध आहे. उद्यानाच्या टोकाला कुंपण घालून 'दिव्यांगांसाठी' अशी पाटी लावलेला वेगळा विभाग करणे, हे काम टाळण्याचे सोयीचे रूप होय. मुलाला झोपाळा हवा असतो, त्याहून अधिक शेजारच्या झोपाळ्यावर दुसरे मूल हवे असते. आपल्या मुलांना हे उपजत कळते. लगोरीत लहानग्या भावाला 'लिंबूटिंबू' म्हणून घेण्याची रीत कोणत्याही शासनाने शिकविलेली नाही. पण लिंबूटिंबू कधी बाद होत नाही, तसा त्याचा डावही कोणी मोजत नाही. ज्याचा डाव मोजला जाईल, असा खेळगडी होण्याची संधी या मुलांना हवी आहे. आणि धडधाकट मुलालाही आपल्यासारखा न चालणारा मित्र लहानपणीच मिळावयास हवा.

पूर्वजन्मीच्या पापाचे फळ म्हणून अशा मुलाला पाहुण्यांपासून दडविणारी घरे अद्यापि आहेत. धर्माच्या नावाने चाललेल्या या क्रौर्याविषयी आमच्या देवस्थानांनीच बोलले पाहिजे. गावची मुले पिढ्यान् पिढ्या देवळाच्या प्रांगणात खेळत आली. उपरोक्त कायद्याच्या व्याख्येत मनोरंजनाच्या वास्तूंप्रमाणे धार्मिक वास्तूही येतात. तेव्हा महाजनांनी येत्या जत्रेपूर्वी प्रांगणाच्या पायऱ्यांशेजारी एक उतार बांधून घ्यावा. नगरपालिकांच्या मुख्याधिकाऱ्यांनीही उद्यानाच्या ठेकेदाराचे बिल मंजूर करण्यापूर्वी चाकांच्या खुर्चीत बसून फाटकापासून झोपाळ्यापर्यंत स्वतः जाऊन यावे, आणि जाता आले नाही तर बिल परत पाठवावे.