डोक्याचा फोटो आणि माणूस

परवा आमच्या मंडळातल्या एका काकूंची सून एमआरआयचं भलंमोठं पाकीट घेऊन घरी आली. काकू ७१ वर्षांच्या. भिशीचा हिशोब वर्षानुवर्षं त्यांच्याकडे, कधी एका रुपयाची चूक नाही. पण दिवाळीनंतर भिशी एकाच बाईला दोनदा गेली. विचारलं तर काकू रागावल्या, मग रडल्या. सून म्हणाली, "ताई, रिपोर्टमध्ये 'वयोमानानुसार मेंदू थोडा आकसला आहे' एवढंच लिहिलंय. म्हणजे काळजीचं काही नाही ना?"

मी काही डॉक्टर नाही. पण ज्येष्ठांमध्ये काम करताना हा प्रश्न इतक्यांदा समोर येतो, की डॉक्टरांना विचारून, वाचून समजून घ्यावंच लागलं.

एमआरआयमध्ये मेंदूची रचना दिसते. गाठ, साकळलेलं रक्त, साचलेलं पाणी, छोटे झटके येऊन गेल्याच्या खुणा कळतात. यातल्या काही गोष्टींवर इलाज आहे, म्हणून ही तपासणी वाया जात नाही. नव्या आठवणी साठवणारा हिपोकॅम्पस नावाचा भाग अल्झायमरमध्ये लवकर आकसू लागतो, तेही दिसतं. पण अगदी सुरुवातीला हा फरक इतका थोडा असतो, की फोटो 'वयानुसार ठीक' येऊ शकतो. म्हणजे फोटो ठीक, म्हणून माणूस ठीक, असं नसतं.

दुसरी तपासणी पेट स्कॅनची. अल्झायमरमध्ये मेंदूत अमायलॉइड नावाचं प्रथिन साचतं. पूर्वी त्याची खात्री बहुधा मृत्यूनंतरच व्हायची. जिवंत माणसाच्या मेंदूतलं अमायलॉइड दाखवणारी पहिली गाजलेली चित्रं २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. २०१२ मध्ये अमेरिकेत अशा स्कॅनसाठीच्या औषधाला परवानगी मिळाली. पण गंमत अशी, की स्मरणशक्ती उत्तम असलेल्या अनेक म्हाताऱ्या माणसांच्या मेंदूतही अमायलॉइड सापडतं. मग तक्रार नसताना एवढा खर्च करून भीती का विकत घ्यायची?

तरी हल्ली या स्कॅनची चर्चा वाढली, त्याला कारण आहे. अमायलॉइड कमी करणाऱ्या लेकॅनेमॅबला २०२३ मध्ये आणि डोनानेमॅबला २०२४ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. ही औषधं आजार बरा करत नाहीत, थोडा सावकाश करतात, तेही सुरुवातीच्या टप्प्यातच. मेंदूला सूज येण्याचा, रक्तस्रावाचा धोका असतो, म्हणून पुन्हा पुन्हा एमआरआय करावा लागतो. मे २०२५ मध्ये तिथे यासाठी एका रक्ततपासणीलाही मान्यता मिळाली.

आता आपल्या घरात या. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार साठीपुढच्या भारतीयांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. पुरुषांत ५.८ टक्के, तर बायकांत ९ टक्के! आणि बाईचं विसरणं लक्षात तरी कधी येतं? आजोबांची बँकेतली सही चुकली की घर धावतं. आजीची आमटी दोनदा खारट झाली की तिला बोलणी बसतात.

मी सुनेला सांगितलं, फोटोवर थांबू नका. मेंदूविकारतज्ज्ञांकडून स्मरणशक्तीची चाचणी करून घ्या. बी-१२, थायरॉइड तपासा, त्यांच्या कमतरतेनंही विसरायला होतं. मन उदास आहे का, ऐकू नीट येतं का, तेही पाहा. सहा महिन्यांत काय काय बदललं, ते तारखेसकट लिहून न्या.

काकूंचं बी-१२ खूपच कमी निघालं. इंजेक्शनं सुरू झाली. चाचणीतही थोडे गुण कमी पडले, म्हणून सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलंय. तेव्हाच कळेल.

पण मला लागलं ते काकूंचं एक वाक्य. "माझ्या डोक्याचा फोटो मुलानं पाहिला, सुनेनं पाहिला, तूही पाहिलास. मला कुणी दाखवलाच नाही गं." मान खाली गेली माझी. त्याच संध्याकाळी फिल्म खिडकीशी धरून आम्ही दोघींनी ती पाहिली.

भिशीची वही अजून काकूंकडेच आहे. फक्त आता प्रत्येक पानावर दोघींच्या सह्या असतात.