आधी पाण्याचा हिशेब

जैवनिक्षालनावरचे, म्हणजे जिवाणूंकरवी धातू विरघळवून काढण्यावरचे, निबंध आमच्याकडे सतत येतात आणि त्यांतल्या बहुतेकांचा निष्कर्ष एकाच वाक्यात मावतो : अमुक दिवसांत इतके टक्के तांबे विरघळले. टक्केवारी बहुधा नव्वदीच्या पुढची. फ्लास्क अडीचशे मिलिलिटरचा, त्यात खनिजाची किंवा सर्किट बोर्डाची पूड शेकडा एक-दोन भाग, तापमान तीस अंश, शेकर दिवसरात्र चालू. हे प्रयोग खरे आहेत, मेहनतीचे आहेत. पण खाणीवर किंवा पुनर्चक्रण कारखान्यात काम करणाऱ्याला त्या आकड्यावरून एकही निर्णय घेता येत नाही, आणि हे आता स्पष्ट बोलायला हवे.

जिवाणू हे काम करतात का, हा प्रश्न कधीच निकालात निघाला आहे. १९४७ मध्ये कोल्मर आणि हिंकल यांनी अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियाच्या कोळसा खाणींतून झिरपणाऱ्या आम्लयुक्त पाण्यात लोहाचे ऑक्सिडीकरण करणारे जिवाणू दाखवले. ॲसिडीथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स हे आज सर्वांना माहीत असलेले नाव त्या जिवाणूंचेच. १९५८ मध्ये केनेकॉट कंपनीच्या संशोधकांना या जिवाणूंच्या मदतीने निक्षालन करण्याचे पेटंट मिळाले. सल्फाइड खनिज फोडते ते फेरिक लोह. फोडताना त्याचे फेरस होते आणि जिवाणू ते परत फेरिक करतो. हे चक्र चालू राहायला हवा, आम्ल, नत्र-स्फुरदाचा थोडा खुराक आणि सोसवेल इतकी उष्णता लागते. यातले काहीही निक्षालनासाठी रचलेल्या हजारो टन खनिजाच्या ढिगाच्या पोटात आपोआप पोचत नाही. ते पोचवणे हे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाचे काम नव्हे, आपले आहे.

टाकीत ते तुलनेने सोपे. दक्षिण आफ्रिकेतल्या बार्बरटनजवळच्या फेअरव्ह्यू खाणीत १९८६ पासून पायराइट आणि आर्सेनोपायराइटमध्ये अडकलेले सोने जिवाणूंकरवी मोकळे केले जाते. हवा भरण्याचा आणि ऑक्सिडीकरणाची उष्णता काढून घेण्याचा खर्च तिथे सोन्याच्या भावाने भरून निघतो. तरीही अशा कारखान्यांत दोन प्रकारचे पाणी एकमेकांपासून कटाक्षाने वेगळे ठेवावे लागते. सोने विरघळवणाऱ्या सायनाइडच्या टप्प्यातले थायोसायनेटयुक्त पाणी जैव टाकीत परतले तर जिवाणू टिकत नाहीत. टाकीचा कारखाना चालवणाऱ्याला पाण्याचे मोल असे रोज कळते. ढीग रचणाऱ्याला ते उशिरा कळते.

फिनलंडमधल्या सोत्कामो इथल्या ताल्विवारा खाणीची हकिगत म्हणूनच आपल्यातल्या प्रत्येकाने बारकाईने वाचावी. काळ्या शिस्ट खडकातला हा साठा १९७७ मध्ये सापडला. निकेल पाव टक्क्याच्याही आत, जस्त अर्धा टक्का, सोबत थोडे तांबे आणि कोबाल्ट. प्रचलित पद्धतीने हे परवडणारे नव्हते, म्हणून २००४ मध्ये खाणीचे हक्क एका युरोला विकले गेले. नव्या कंपनीने घाई केली नाही. १७,००० टनांचा चाचणी-ढीग रचला, खालून पंख्यांनी हवा दिली आणि उत्तर ध्रुववृत्ताजवळच्या हिवाळ्यात तो ढीग आतून तापलेला राहतो हे दाखवून दिले. पायराइट आणि पायरोटाइटच्या ऑक्सिडीकरणाची उष्णताच त्याला पुरली. सूक्ष्मजीवशास्त्राच्या दृष्टीने हा आपल्या क्षेत्रातला फार मोठा विजय आहे आणि त्याचे श्रेय त्या लोकांकडून कुणी काढून घेऊ नये. २००८ मध्ये उत्पादन सुरू झाले.

मग पाणी आडवे आले. द्रावणातून धातू काढल्यावर मागे उरते ते सल्फेट, मॅंगनीज, सोडियम. हे सारे सामावून घेणारी व्यवस्था कागदावरच्या हिशेबापेक्षा तोकडी पडली. आजूबाजूच्या तळ्यांत सल्फेट वाढले. खारे, जड पाणी तळाशी साचून काही तळ्यांतले वरखालचे पाणी मिसळेनासे झाले. २०१२ चे वर्ष पावसाचे होते. खाणीच्या आवारात पाणी साठत गेले आणि त्या नोव्हेंबरमध्ये जिप्समचा तलाव फुटून धातुयुक्त आम्ल पाणी बाहेर पडले. पुढच्या वर्षी पुन्हा गळती झाली. २०१४ मध्ये खाण चालवणारी कंपनी दिवाळखोरीत गेली. २०१५ मध्ये सरकारी मालकीच्या टेराफेमने खाण हाती घेतली. आज तिथून बॅटरीसाठी निकेल आणि कोबाल्ट सल्फेट निघते. ढीग त्याच पद्धतीने चालतात. या सगळ्यात जिवाणूंनी कधीच दगा दिला नव्हता.

आता आपल्या भागाकडे बघा. गोंदियाला लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडची तांब्याची खाण आहे. तिथल्या कमी प्रतीच्या खनिजावर भुवनेश्वरच्या खनिज व पदार्थ तंत्रज्ञान संस्थेने पथदर्शी ढिगापर्यंत काम नेले. फ्लास्कच्या पुढे गेलेले हे मोजके भारतीय काम आहे, म्हणून त्याचे मोल मोठे. मात्र दोन अडचणी ठाम उभ्या आहेत. पहिली चाल्कोपायराइटची. हे खनिज सुरुवातीला विरघळते आणि मग पृष्ठभागावर थर धरून हटून बसते. साठ-सत्तर अंशांवर जगणारे उष्णताप्रिय जीव किंवा रेडॉक्स विभवावर काटेकोर ताबा, हे उपाय माहीत आहेत, पण ढिगात ते राबवणे अवघड.

दुसरी अडचण पावसाची, आणि तिच्याबद्दल आपण जवळजवळ बोलतच नाही. चर्चासत्रांत चिलीचे दाखले दिले जातात. ते देताना दोन गोष्टी सांगायच्या राहतात : केब्रादा ब्लांकासारख्या खाणीतल्या ढिगांवरचे खनिज बहुतांशी चाल्कोसाइट होते, म्हणजे फेरिकला सहज वश होणारे, आणि खाण ४,४०० मीटर उंचीवर, अटाकामाच्या कोरड्या मुलखात. बालाघाट-विदर्भात वर्षाला हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. उघड्या ढिगावर तो पडला की द्रावण पातळ होते, आम्ल वाया जाते, तलाव भरतात आणि शेवटी प्रक्रिया न केलेले पाणी सोडण्याची वेळ येते. सोत्कामोचा पाऊस आपल्या निम्म्याच्या आसपास आहे. ढीग बंद केला तरी जिवाणू सुट्टी घेत नाहीत; सल्फाइड उरलेले असेल तोवर आम्ल झिरपत राहते. वेस्ट व्हर्जिनियात जिवाणू सापडले तेही असेच, कुणी न बोलावता काम करताना. आच्छादन, पावसाचे पाणी वळवणाऱ्या चरी, ऐन पावसाळ्यासाठी राखीव साठवण आणि बंद झाल्यानंतरच्या वर्षांचा खर्च हे सारे पहिल्या आराखड्यातच असायला हवे.

ई-कचऱ्याबाबत थोडक्यात. २०२२ च्या नियमांनी उत्पादकांच्या जबाबदारीची प्रमाणपत्रे सोने, तांबे, लोखंड आणि ॲल्युमिनियमच्या पुनर्प्राप्तीशी जोडल्यापासून पुनर्चक्रण करणारे छोटे उद्योजक आम्हाला जिवाणूंबद्दल विचारू लागले आहेत. त्यांना उत्तर द्यायचे तर शेकडा एक भाग पुडीचा फ्लास्क चालणार नाही. सर्किट बोर्डाची पूड आम्ल खाते आणि तिच्यातले धातू जिवाणूंना विषारी ठरतात. म्हणून जिवाणू एका टाकीत वाढवून, तयार झालेले फेरिक द्रावण दुसऱ्या टाकीत पुडीवर सोडणे हाच व्यवहार्य मार्ग दिसतो. सोन्यासाठी क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेशियमचे नाव घेतले जाते. तो सायनाइड बनवतो खरा, पण थोडे. आणि तांबे आधी काढले नसेल तर ते सायनाइड तांबेच खाऊन टाकते.

पुढल्या अंकापासून जैवनिक्षालनावरच्या प्रत्येक निबंधासोबत आम्ही काही आकडे मागणार आहोत : पुडीचे प्रमाण, दर टन खनिजाला लागलेले आम्ल, द्रावणातल्या लोहाचा ताळेबंद, किती पाणी आत गेले, किती बाहेर आले आणि बाहेर आलेल्याचे काय केले. फ्लास्कचे काम आम्ही नाकारणार नाही. नव्या जिवाणूची पहिली ओळख तिथेच होते. पण 'उद्योगासाठी उपयुक्त' हे शब्द शीर्षकात हवे असतील तर निदान कॉलममधले निकाल लागतील, आणि एक पावसाळा झेललेल्या ढिगाचे निकाल कुणाकडे असतील तर ते फसलेले असले तरी आम्ही आधी छापू.