राख निसर्गाची, भुर्दंड प्रवाशाचा

इथिओपियाच्या अफार प्रदेशातील हायली गुब्बी या ज्वालामुखीचा २३ नोव्हेंबर २०२५ रोजी उद्रेक झाला. लिखित इतिहासात त्याच्या उद्रेकाची नोंद नव्हती. सुमारे १४ किलोमीटर उंचीवर गेलेला राखेचा ढग तांबडा समुद्र, येमेन आणि ओमान ओलांडून दुसऱ्या दिवशी रात्री गुजरात-राजस्थानमार्गे दिल्लीच्या आकाशात पोहोचला. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने राखेचा पट्टा टाळण्याची सूचना विमान कंपन्यांना दिली. एअर इंडियाने इंजिनांच्या तपासणीसाठी काही उड्डाणे रद्द केली, तर अकासाने जेद्दा, कुवेत आणि अबुधाबीच्या फेऱ्या थांबवल्या. २५ तारखेनंतर ढग चीनकडे सरकला आणि राजधानीने सुटकेचा निःश्वास टाकला. या सुटकेचे श्रेय आपल्या सिद्धतेला नव्हे, तर राखेच्या उंचीला आणि वाऱ्याच्या वेगाला द्यावे लागेल.

ज्वालामुखीची राख म्हणजे काचेसारख्या कठीण खडकाचे सूक्ष्म कण. जेट इंजिनाच्या उष्णतेत ते वितळतात आणि आतल्या पात्यांवर थिजून बसतात. विमानातील हवामान रडारला ही राख दिसत नाही. २४ जून १९८२ रोजी जावा बेटाजवळ गालुंगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलेल्या ब्रिटिश एअरवेजच्या जम्बो विमानाची चारही इंजिने बंद पडली होती. बरेच खाली आल्यावर ती पुन्हा सुरू झाली आणि विमान जकार्ताला सुखरूप उतरले. असे अनुभव गाठीशी आल्यावर जगभर राखेवर लक्ष ठेवणारी नऊ केंद्रे स्थापन झाली. हायली गुब्बीच्या राखेचे इशारे त्यांपैकी फ्रान्समधील तुलूझच्या केंद्राने दिले. धोक्याची सूचना देण्याची व्यवस्था जगाने उभारली आहे. सूचना मिळाल्यानंतर निर्णय कोणी घ्यायचा आणि त्याची किंमत कोणी मोजायची, हा मात्र राज्यकारभाराचा प्रश्न आहे.

युरोपला त्याचे उत्तर एप्रिल २०१० मध्ये शोधावे लागले. आइसलँडमधील एयाफ्यात्लायोकुत्लच्या उद्रेकानंतर सुमारे २० देशांनी आपले आकाश बंद केले. जवळपास १ लाख उड्डाणे रद्द झाली आणि सुमारे १ कोटी प्रवासी अडकले. पोलंडच्या राष्ट्राध्यक्षांच्या अंत्यविधीला अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा जाऊ शकले नाहीत. दूर केनियात निर्यातीची फुले कुजली आणि तेथील मजुरांचे काम थांबले.

राख दिसली की उड्डाण नाही, असा तोवरचा दंडक होता. किती राख इंजिनाला सोसते, याचा आकडा इंजिन उत्पादकांनी दिला नव्हता आणि सरकारांनीही तो आग्रहाने मागितला नव्हता. विमान कंपन्यांचा तोटा वाढत गेला, त्यांनी स्वतः चाचणी उड्डाणे केली, परिवहन मंत्र्यांची दूरदृश्य बैठक झाली आणि काही दिवसांतच ब्रिटनने घनमीटरमागे २ मिलिग्रॅमपर्यंतच्या राखेत उड्डाणास मुभा दिली. निर्णय कदाचित योग्यही असेल. परंतु सुरक्षिततेची मर्यादा संकट ऐन भरात असताना ठरवली गेली, की ती सर्वांत मोठ्या आवाजाच्या दबावाखाली ठरल्याचा संशय उरतोच. पुढच्याच वर्षी, मे २०११ मध्ये, ग्रीम्सव्होत्नचा अधिक मोठा उद्रेक झाला, तेव्हा सुमारे ९०० उड्डाणेच रद्द झाली. वाऱ्याची साथ होती हे खरे. पण या वेळी निकष हाताशी होते, हेही तितकेच खरे.

प्रवाशांच्या बाबतीत युरोपचा कायदा अधिक स्पष्ट निघाला. २००४ च्या नियमावलीनुसार असाधारण परिस्थितीत रोख नुकसानभरपाई द्यावी लागत नाही, मात्र अडकलेल्या प्रवाशाच्या जेवणाची व निवासाची जबाबदारी कंपनीचीच राहते. ज्वालामुखीमुळे ही जबाबदारी टळत नाही, असा निर्वाळा युरोपीय न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये दिला.

आपल्याकडे विलंब व रद्द उड्डाणांविषयीचे नियम ऑगस्ट २०१० मध्ये, म्हणजे युरोपातील त्या गोंधळानंतर चारच महिन्यांनी लागू झाले. धडा ताजा होता, पण तो घेतला गेला नाही. नैसर्गिक आपत्तीसारख्या कारणांसाठी कंपन्यांना नुकसानभरपाईतून सूट मिळाली, हे समजण्यासारखे आहे. परंतु असाधारण कारणाने विलंब झाल्यास जेवण-निवासाच्या बंधनातूनही त्यांना मोकळे ठेवण्यात आले. म्हणजे संकट जितके मोठे, तितका प्रवासी एकटा.

हा प्रवासी कोण, याचा विचार राजधानीने करावयास हवा. नोव्हेंबरात थांबलेल्या फेऱ्या प्रामुख्याने आखाताच्या होत्या. आखातात जाणाऱ्यांत रत्नागिरी-रायगडचा कामगार आहे, तसाच केरळ, बिहार आणि तेलंगणचाही आहे. रजेवरून वेळेत परतला नाही तर त्याचा पगार कापला जातो, प्रसंगी नोकरीही जाते. तिकिटाची रक्कम यथावकाश परत मिळते, पण परक्या शहरातील दोन रात्रींचा खर्च त्याला आजच खिशातून करावा लागतो.

अमर्याद जबाबदारी टाकली तर कंपन्या बुडतील, हा आक्षेप अगदीच निराधार नाही. म्हणूनच ती वाटून घ्यावी. पहिल्या दोन रात्रींचा भार कंपनीने उचलावा. त्यापुढील खर्चासाठी विमानतळ शुल्कातील अल्प वाट्यातून निधी उभारता येईल. राखेचे कोणते प्रमाण धोक्याचे आणि आकाश बंद करण्याचा अंतिम अधिकार कोणाचा, हे सरकारने आधीच जाहीर करावे. व्हिसाची मुदत उलटणाऱ्यांसाठी परराष्ट्र मंत्रालयाने आखाती देशांशी कायमची व्यवस्था ठरवावी.

अंदमानातील बॅरन बेटावर आपला स्वतःचा जागृत ज्वालामुखी आहे आणि इंडोनेशियाची ज्वालामुखींची रांगही फार दूर नाही. पुढचा ढग दिल्लीवरून एका रात्रीत निघून जाईलच, असे नाही. उद्रेक कोणत्याही मंत्रालयाला थांबवता येत नाही. उद्रेकानंतर विमानतळाच्या फरशीवर रात्र काढण्याची वेळ कोणावर येते, हे मात्र मंत्रालयाच्याच फायलीत ठरते.