लाखाचा डबा, आजीचा आवाज

धानाचे पैसे हातात आले की आमच्या गोंदियाकडे घरात काहीतरी नवीन येतंच. पूर्वी टीव्ही यायचा, मग फ्रीज आला. आता बैठकीत उंच स्पीकर आणि कोपऱ्यात वूफर. बचत गटातल्या एका मैत्रिणीकडे अशीच लाखावरची सिस्टीम आली. ती म्हणाली, "ताई, एवढे पैसे घातले, पण गाणी आधीपेक्षा फाटकी वाटतात. दुकानदारानं फसवलं का जी?"

फसवलं नव्हतं. कणीचा तांदूळ कितीही महागाच्या कुकरात लावा, त्याचा चिन्नोर होत नाही. तिच्याकडची गाणी होती पुतण्यानं मोबाईलच्या दुकानातून पेन ड्राइव्हमध्ये भरून आणलेली. सीडीवर एका सेकंदाच्या गाण्याला साधारण १४११ किलोबिट जागा लागते. स्वस्तातल्या एमपी३मध्ये तेच १२८ किलोबिटांत कोंबतात, म्हणजे अकराव्या हिश्शात. मग झांजेची किणकिण, तानपुऱ्याचा मागे रेंगाळणारा नाद अशा बारीक गोष्टी आधी जातात. मोबाईलवर ते कळत नाही. चांगला स्पीकर मात्र चाडी करतो. शिवाय हल्ली पुष्कळ गाणी तयार करतानाच सगळं सारखंच मोठ्ठं करून ठेवतात. गायिका कुजबुजली तरी ढोलाएवढीच ऐकू येते. ते घरी कोणतंही बटण फिरवून सुधारत नाही.

जुनं म्हणजे वाईट, असंही नाही हं. केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली अमेरिकेच्या व्हॉयेजर यानातून अवकाशात गेली. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्यांच्या काळातलं ते गाणं, जेमतेम साडेतीन मिनिटांचं. भारी सिस्टीमवर त्याची खरखर जास्तच स्पष्ट ऐकू येते, पण बाईंचा आवाजही तसाच समोर येतो, कारण तो नीट पकडलेला होता. मैफलीत त्या जो राग तासभर गायल्या असतील, तो मात्र कुठल्याच स्पीकरातून निघणार नाही. तो तबकडीत मावलाच नाही.

म्हणून मला वाटतं, आपण पैसे आणि हौस चुकीच्या टोकाला घालतो. ऐकण्यावर लाख रुपये, आणि टिपण्यावर? आपल्या भागात रोवणीच्या वेळी चिखलात उभ्या बायका गायच्या, पोवारी घरांत लग्नाची गाणी रात्ररात्र चालायची. आता रोवणीला टेंपोवरचा भोंगा वाजतो. ज्यांना ती गाणी पाठ आहेत त्या सत्तरी-ऐंशीच्या आहेत. पुण्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या ओव्या जमवल्या, लाखाच्या वर. १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्या बायकांचे आवाज टेपवर घेतले, सुमारे १२० तासांचे. २०१७पासून 'पारी'च्या संकेतस्थळावर ते कुणालाही ऐकता येतात. नुसते शब्द वहीत उतरवले असते, तर चाल आणि गळा दोन्ही गेले असते.

आपल्याला स्टुडिओ नको. दुपारची शांत वेळ बघा. टिनाच्या खोलीत बसू नका, आवाज घुमतो. जिथे गाद्या-गोधड्या रचलेल्या असतात ती खोली उत्तम. पंखा, फ्रीज, टीव्ही बंद. फोन आजीच्या तोंडापासून हातभर अंतरावर, उशीवर ठेवा, हातात धरू नका. फोनच्या रेकॉर्डरमध्ये सेटिंग उघडून सगळ्यात वरचा दर्जा निवडा. व्हॉट्सॲपच्या माइकवर मुळीच नको, तिथे आवाज फार दाबला जातो. आधी मिनिटभर घेऊन ऐकून बघा. ती मधेच थांबली, खोकली, कुण्या मेलेल्या नणंदेची आठवण काढली, तरी बटण बंद करू नका. आणि सुरुवातीला तिला नाव, माहेर आणि गाणं कुणाकडून शिकली ते सांगायला लावा.