हार बॉनेटला, पण हाऊसिंगकडे कोण पाहणार?



खंडेनवमीला आपण गाडी धुतो, बॉनेटला झेंडूचा हार घालतो, नारळ फोडतो. श्रद्धा म्हणून हे योग्यच आहे. परंतु पूजा झालेल्या त्याच गाडीच्या पोटाखाली, मागच्या अ‍ॅक्सलच्या मधोमध, जे गोल लोखंडी हाऊसिंग असते त्याचा नट वर्षानुवर्षे कोणी उघडत नाही. आत ऑईल किती आहे, कसे आहे, आहे की नाही, कोणाला ठाऊक नसते. माझे स्पष्ट मत असे की, डिफरन्शियलचे हे ऑईल प्रत्येक सभासदाने वर्षातून एकदा तपासलेच पाहिजे, आणि त्यासाठी खंडेनवमीइतका चांगला दिवस नाही. पावसाळा संपलेला असतो, गळीत हंगाम तोंडावर असतो आणि गाडी त्या दिवशी घरीच असते.

डिफरन्शियलचे काम समजायला मळणीचे खळे आठवावे. पात धरली की तिवड्याजवळचा बैल थोडे चालतो, कडेचा बैल जास्त चालतो. वळणावर गाडीच्या मागच्या दोन चाकांचे तसेच होते. दोन्ही चाके एकाच दांड्यावर घट्ट बसवली तर एक फरफटत जाईल. तो फरक सांभाळणारे दाते या हाऊसिंगमध्ये असतात. शिवाय इंजिनाचा सगळा जोर पिनियनवरून क्राऊनवर जाऊन काटकोनात चाकांकडे वळतो तोही इथेच. बहुतेक गाड्यांत हे दाते एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, घासत सरकतात. म्हणून तिथे साधे ऑईल टिकत नाही. गंधक-फॉस्फरसयुक्त द्रव्ये घातलेले ‘ईपी’ जातीचे घट्ट गिअर ऑईल लागते.

इंजिनाला दांडी असते, दिवा असतो. ऑईल कमी झाले तर तो लाल होऊन ओरडतो. हाऊसिंगला साधारणपणे दांडी नाही, दिवाही नाही. ते मुकाट्याने झिजते. म्हणूनच मिस्त्री सहज म्हणून जातो, “चालतंय की, कशाला उघडताय!” आणि आपणही मान डोलावतो. चालते हे खरेच, पण कुठवर? ज्या दिवशी घरघर ऐकू येते त्या दिवशी दाते किंवा बेअरिंग खराब झालेले असतात. मग नवे ऑईल ओतून गेलेला दाता परत येत नाही.

प्रत्येक मोटारीला हे हाऊसिंग वेगळे नसते, हेही सांगितले पाहिजे. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक लहान मोटारींत डिफरन्शियल गिअरबॉक्सच्या पोटातच असते आणि दोघांचे ऑईल एकच असते. परंतु आपल्या वाड्या-वस्त्यांवर ज्या गाड्या राबतात, म्हणजे जुन्या जीपा, बोलेरो, सुमो, ओम्नी, ईको, पिकअप, त्यांच्या मागच्या चाकांना जोर मिळतो. त्यांना हा विषय थेट लागू आहे.

आता तपासणी. त्याला मोठी विद्या लागत नाही. गाडी सपाट जागेवर रात्रभर उभी ठेवावी. सकाळी चाकांना पुढून-मागून दगड लावावेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. प्रथम वरचा, म्हणजे ऑईल भरण्याचा नट उघडावा. हा क्रम महत्त्वाचा आहे. खालचा नट आधी काढून ऑईल सांडले आणि वरचा गंजून अडकला, तर गाडी जागच्या जागी बसते. वरच्या भोकात बोट वाकवून घालावे. बहुतेक गाड्यांत ऑईल भोकाच्या कडेपर्यंत असले पाहिजे. बोटाला लागले नाही तर कमी आहे, आणि कमी का झाले ते शोधले पाहिजे. नुसते वरून भरून भागत नाही.

मग खालचा नट किंचित सैल करून पहिले चार थेंब काचेच्या बाटलीत घ्यावेत. रात्रभरात पाणी तळाशी बसते, त्यामुळे असलेच तर तेच आधी येते. ऑईल ताकासारखे पांढुरके दिसले तर पाणी शिरले समजावे. शंका असेल तर अंगणात जुन्या पत्र्याचा तुकडा चांगला तापवून त्यावर काडीने एकच थेंब टाकावा आणि तोंड लांब ठेवावे. तडतडला तर पाणी आहे. स्वयंपाकघरातला तवा या कामाला घेऊ नये.

रंगावरून मात्र घाईने निकाल देऊ नये. नवे ऑईल मधासारखे असते, वापरात ते काकवीसारखे काळपट होते. तेवढ्याने ते वाया गेले असे नाही. वासाचेही तसेच. नव्या ऑईललाही गंधकाचा उग्र वास असतो. करपट वास आला तर मात्र काळजी करावी. खरा साक्षीदार म्हणजे खालच्या नटाचे लोहचुंबक. त्यावर उगाळलेल्या गंधासारखा मऊ करडा लेप असेल तर ती नेहमीची झीज आहे. बोटाला टोचणारी कीस, चकत्या किंवा दात्याचा तुकडा मिळाला तर हाऊसिंग उघडल्याशिवाय गाडी भाड्याला लावू नये. नटाला चुंबक नसेल तर ऑईल पांढऱ्या कापडातून गाळून पाहावे.

आपल्या भागात पाण्याचा मुद्दा अधिक गंभीर आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये कृष्णा-पंचगंगेच्या महापुराने सांगली-कोल्हापूरकडे काय केले ते सांगायला नको. पण महापूरच यायला हवा असे नाही. तापलेली गाडी ओढ्यात घातली की हाऊसिंग एकदम थंड होते, आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढले जाते. तोच ब्रीदर चिखलाने बुजला तर आत दाब वाढतो, ऑईल सीलमधून बाहेर पडते आणि ब्रेकच्या लायनिंगवर पोचते. ऑईलचे दुर्लक्ष असे ब्रेकपर्यंत जाते. याच गाडीतून आपण पोरे शाळेत पाठवतो आणि रात्री-अपरात्री बाळंतीण दवाखान्यात नेतो.

तपासणीत खोट दिसली, किंवा गाडीच्या पुस्तकातली मुदत भरली, तर ऑईल बदलावे. ओझे वाहणाऱ्या, धुळीत-चिखलात चालणाऱ्या गाडीला मुदत कमीच धरावी. बदलण्यापूर्वी पाच-सहा किलोमीटर गाडी फिरवावी, म्हणजे कोमट ऑईल गाळासकट निघते. जीपसारख्या गाडीला साधारण दीड ते अडीच लिटर ऑईल लागते. कडेच्या वर ठासून भरू नये, जास्तीचे ऑईलही सील फोडते. प्रत कोणती, हे दुकानदाराने नव्हे, गाडीच्या पुस्तकाने ठरवावे. घासत सरकणाऱ्या दात्यांच्या डिफरन्शियलला सहसा जीएल-5 लागते. म्हणून तेच सगळीकडे ओतू नये. काही गिअरबॉक्समधल्या पितळी भागांना ते बाधते. इंजिनातून काढलेले जळके ऑईल हाऊसिंगमध्ये घालणे ही काटकसर नव्हे.

ट्रॅक्टरवाल्या सभासदांसाठी एक इशारा. पुष्कळ ट्रॅक्टरांत गिअर, डिफरन्शियल, हायड्रॉलिक आणि ऑईलमध्ये बुडालेले ब्रेक या सर्वांना एकच ऑईल असते. त्यात मोटारीचे ईपी ऑईल घातले तर भरलेल्या दोन ट्रेलरसह उतारावर ब्रेक दगा देऊ शकतात.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी बयाणा देण्यापूर्वी वरचा नट उघडून पाहावा. आवाज दाबण्यासाठी हाऊसिंगमध्ये लाकडाचा भुसा घालण्याची युक्ती फार जुनी आहे. काढलेले ऑईल ओढ्यात, पाटात किंवा विहिरीच्या काठी ओतू नये. 2016 च्या नियमांनुसार वापरलेले ऑईल घातक कचऱ्यात मोडते. ते डब्यात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जाईल असे पाहावे.

कोणी म्हणेल, कारखान्याच्या पत्रकात हा विषय कशाला? मला वाटते, इथेच हवा. तोडलेल्या उसाचे वजन आणि साखर तासागणिक घटते. भरलेली खेप क्राऊन-पिनियन जाऊन वाटेत अडकली की नुकसान फक्त गाडीमालकाचे होत नाही. फडातली टोळी बसून राहते आणि पुढच्या सभासदाची पाळी लांबते. आपण माती तपासल्याशिवाय खताचा डोस ठरवू नये म्हणतो, ब्रिक्स पाहून तोड ठरवतो. मग ज्या चाकांवर ते सगळे पीक कारखान्यात येते, तिथे अंदाजपंचे कारभार का?

म्हणून संचालक मंडळाला नम्र सूचना आहे. खंडेनवमीच्या आधीच्या आठवड्यात प्रत्येक गट कार्यालयावर एक दिवस वाहन विभागाचा एक फिटर बसवावा. पाने, चुंबक, काचेची बाटली आणि नोंदवही एवढेच साहित्य लागेल. वहीत गाडीचा नंबर, किलोमीटर, ऑईलची पातळी, पाणी आहे की नाही आणि चुंबकावर काय मिळाले, एवढे लिहावे. वापरलेले ऑईल जमा करायला एक पिंप ठेवावे. ऑईल ज्याचे त्याने आणावे, कारखान्यावर मोठा बोजा पडणार नाही. दोन-तीन हंगामांच्या नोंदी जमल्या की कोणत्या कामाच्या गाडीला किती दिवसांनी ऑईल बदलावे लागते, हे आपल्याच रस्त्यांवरून आपल्याला कळेल.

हार जरूर घाला. पण त्याआधी पाना घेऊन एकदा गाडीखाली जा.