उपेक्षित तिसरी पिन

आपल्यापैकी कोणी नवा नोटबुक संगणक घेतला की चार मित्र भोवती जमतात. भाषा निवडली जाते, परवलीचा शब्द ठरतो, मराठी टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट कळफलक सुरू केला जातो. या साऱ्याला दोन तास आनंदाने दिले जातात. परंतु ज्या सॉकेटमधून हे यंत्र वीज घेणार, त्याकडे पाहायला कोणाला दोन मिनिटेही नसतात. कळस चढवण्याची घाई आणि पाया पाहण्याचा कंटाळा! "ते विज्ञान शाखेचे काम" असे म्हणून आपण कला शाखेचे विद्यार्थी मोकळे होतो. मला हे मुळीच पटत नाही. विजेला शाखा कळत नाही.

भिंतीतून येणारी वीज २३० व्होल्टची असते. अडॅप्टर ती साधारण २० व्होल्टवर आणून संगणकाला देतो. बहुतेक अडॅप्टरच्या प्लगला तीन पिना असतात. त्यांतली जाड, लांब पिन अर्थिंगची. ती मुद्दामच लांब ठेवलेली असते. प्लग लावताना ती सर्वांत आधी जोडली जावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी, हा हेतू. पण जुन्या सॉकेटमध्ये प्लग बसला नाही, की कोणी दोन पिनांचा जोड लावतो, तर कोणी ती पिनच मोडून टाकतो! मग संगणकाच्या धातूच्या आवरणावर मनगट टेकताच बारीक झिणझिण्या येतात. अडॅप्टरमधून झिरपणारा अल्पसा प्रवाह जमिनीत जाण्याऐवजी आपल्या शरीरातून वाट काढू लागतो. एवढ्याने सहसा जिवाला धोका नसतो. परंतु अर्थिंग नसल्याची ती वर्दी असते. उद्या अडॅप्टरच आतून बिघडला तर?

वसतिगृहात याहून निराळे दृश्य दिसते. एकाच एक्स्टेंशन बोर्डावर ६५ वॅटचा अडॅप्टर आणि १५०० वॅटचा पाणी तापवण्याचा रॉड! बारीक वायर तापते, सॉकेट काळे पडते. शिवाय संगणक गादीवर ठेवला की हवेची वाट बंद होते आणि उष्णतेने बॅटरीचे आयुष्य घटते. फुगलेली बॅटरी तर एक दिवसही वापरू नये.

दोष केवळ विद्यार्थ्यांचा नाही. सॉकेटला तीन छिद्रे दिसतात म्हणून त्यामागे अर्थिंग असेलच असे नाही. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घालतात, उन्हाळ्यात पाणी ओततात. पण हे काम वेळच्या वेळी होते का, हे विचारतो कोण? स्नेहसंमेलनाच्या रोषणाईला पैसा निघतो, मग याला का निघू नये?

म्हणून माझी महाविद्यालयाला विनंती आहे, की ग्रंथालय व वसतिगृहातील प्रत्येक सॉकेटचे अर्थिंग परवानाधारक वायरमनकडून दरवर्षी तपासून घ्यावे, ३० मिलीअँपिअरला वीज तोडणारी आर.सी.सी.बी. बसवावी आणि तपासणीचा निकाल सूचनाफलकावर लावावा. आणि मित्रहो, तोवर आपण एवढे तरी करूया : तिसरी पिन मोडायची नाही, कोणाला मोडू द्यायची नाही!